काळी डबी, तांबडी डबी

आजचा विषय ऐकून काही जणी हसतील. मला बुटाच्या पॉलिशबद्दल बोलायचं आहे. बचत गटाच्या कार्यक्रमात बुटाचं काय काम, असं वाटेल. पण ही गोष्ट आपल्या गटाच्या बैठकीतूनच सुरू झाली, म्हणून इथेच सांगते.

चाकणच्या जवळच्या एका गावात आमचा गट आहे. गावाचं नाव सांगत नाही, कारण पुढे जे सांगणार आहे ते घरातलं आहे. त्या गटातल्या एका ताईचा मुलगा आयटीआय झाला आणि त्याला एका कंपनीतून मुलाखतीचं बोलावणं आलं. शर्ट-पँट घरात होती, बूट नव्हते. मामाने आपले बूट दिले. लग्नात एकदा घातलेले, चांगल्या चामड्याचे, विटकरीकडे झुकणारा तपकिरी रंग. पुढे थोडं खरचटलं होतं. आदल्या रात्री सगळे झोपल्यावर ताईने मुलीच्या शाळेच्या बुटांची काळी डबी काढली आणि मन लावून पॉलिश केलं. तिला वाटलं, पॉलिश ते पॉलिश. सकाळी उजेडात बघितलं तर बूट ना काळे ना तपकिरी. चामडं जिथे खरचटलं होतं तिथे काळे ठिपके, शिवणीत काळं, बाकी सगळीकडे मातकट डाग. तिने ओल्या फडक्याने पुसलं, तर डाग आणखी पसरले. मुलगा शेवटी मित्राचे बूट घालून गेला. ते एक नंबर लहान होते.

महिन्याच्या बैठकीत तिने हे सांगितलं, तेव्हा आधी सगळ्या हसल्या, मग हळहळल्या. एक जण मात्र काहीच बोलली नाही. बैठक संपल्यावर मी चप्पल घालत होते, तेव्हा ती दारात आली आणि हळूच म्हणाली, "ताई, तपकिरीवर काळं चढलं की उतरत नाही. आमच्या घरात हे लहान पोरालाही माहीत आहे." मी विचारलं, मग बैठकीत का नाही बोललीस? ती म्हणाली, "बोलले असते तर सगळ्यांनी विचारलं असतं, तुला कसं माहीत."

तिचे सासरे गटई कामगार. चाळीस वर्षं त्यांनी रस्त्याच्या कडेला बसून लोकांचे बूट शिवले, त्यांना पॉलिश केलं. ती गटात आली त्याला सहा वर्षं झाली. सहा वर्षांत हे तिने एकीलाही सांगितलं नव्हतं. आज मी सांगते आहे ते तिला विचारून. नाव नको म्हणाली, बाकी सांगा म्हणाली.

मी इतिहास घेऊन बी.ए. केलं. त्या इतिहासात लढाया होत्या, तह होते, बुटाचा रंग नव्हता. पण तिच्या सासऱ्यांकडे जाऊन बसले, थोडं वाचलं, आणि लक्षात आलं की गावच्या दुकानात पॉलिशच्या दोनच डब्या का असतात, एक काळी आणि एक तांबूस तपकिरी, ज्यावर 'डार्क टॅन' लिहिलेलं असतं, यामागे बरंच काही आहे. पार आपल्या डोंगरातल्या हिरड्यापासून सुरुवात करावी लागते.

खेड तालुक्याच्या पश्चिमेला, भीमाशंकरच्या बाजूला राहणाऱ्या बायका हे ऐकत असतील तर त्यांना हिरडा सांगायला नको. आंबेगाव, जुन्नर, खेडच्या डोंगरपट्ट्यात हिरडा गोळा करून विकणं हे कितीतरी आदिवासी घरांचं वर्षाचं उत्पन्न आहे. लहान वाळलेला बाळहिरडा औषधाला जातो. मोठा हिरडा मात्र पूर्वीपासून कातडी कमावायला वापरतात. इंग्रजांच्या काळात मुंबई बंदरातून हिरडा परदेशात जायचा, तो यासाठीच. हिरडा, बाभळीची साल यांत तुरट द्रव्य असतं. आवळा खाल्ल्यावर जिभेला जसं वाटतं, तोच तुरटपणा. कच्चं कातडं त्या पाण्यात मुरलं की ते कुजत नाही, चामडं होतं. याला कमावणं म्हणतात. इंग्रजीत याच क्रियेला 'टॅन' म्हणतात, आणि डबीवरचा 'टॅन' हा शब्द तिथूनच आला. म्हणजे तो झाडाच्या सालीने कमावलेल्या चामड्याचा अंगचाच रंग आहे. हिरड्याने फिकट पिवळसर चामडं होतं, बाभळीच्या सालीने तांबूस. कोल्हापुरी चपलेचा रंग आठवा.

आणि काळा? तोही याच हिरड्यातून. जुन्या काळी लोखंडाचे तुकडे, गंजके खिळे गुळाच्या पाण्यात बरेच दिवस भिजत ठेवायचे. ते पाणी हिरड्या-बाभळीने कमावलेल्या चामड्याला लावलं की चामडं काळं पडतं. यात जादू काही नाही. लोखंडी कढईत आवळा उकळला की काळा होतो, केसांना लावायचं काळं आपण असंच करतो, पूर्वीची शाईसुद्धा हिरडा आणि लोखंड यांच्यापासून व्हायची. तेच हे. तेव्हा एक गोष्ट लक्षात ठेवा : कोल्हापुरी चप्पल ओली असताना लोखंडी पेटीवर किंवा खिळ्याला अडकवून ठेवू नका. काळा डाग पडेल आणि तो धुऊन जाणार नाही.

हे सगळं कोणाला माहीत होतं? आपल्याकडे कातडी कमावण्याचं काम ढोर समाजाकडे होतं, जोडे शिवण्याचं चांभार समाजाकडे. कोणत्या सालीने कोणता रंग येतो, किती दिवस मुरवायचं, काळा कसा करायचा, हे आज शाळेत रसायनशास्त्र म्हणून शिकवतात. त्यांना ते हाताने येत होतं. त्याबद्दल त्यांना मिळालं काय, तर विटाळ. त्यांनी केलेला जोडा पायात घालायचा आणि त्यांची सावली टाळायची. पुण्यातल्या प्रतिष्ठित माणसाच्या पायात लाल पुणेरी जोडा असायचा. तो लाल रंग कौतुकाचा होता, तो देणारा हात नव्हता. कित्येक गावांत दलित माणसाला पाटलाच्या वाड्यावरून जाताना वहाण काढून हातात घ्यावी लागे. जोडा करणाऱ्यालाच जोडा घालायची मोकळीक नाही, असा तो न्याय होता. सासरेबुवांनी मला हे रागाने नाही सांगितलं. ते ब्रशवरचा मळ काढत सांगत होते. मलाच बसल्या जागी अवघडायला झालं.

आता इंग्रजांकडे वळू. ५ नोव्हेंबर १८१७ ला खडकीची लढाई झाली आणि पेशवाई गेली. त्यानंतर खडकीला इंग्रजांची छावणी बसली. १८६९ मध्ये तिथे दारूगोळ्याचा कारखाना निघाला. खडकी आज पुण्यात मोडते, पण दापोडीचा पूल ओलांडला की पिंपरी-चिंचवडच. आपल्या या पट्ट्याला इंग्रजी बुटाची पहिली ओळख झाली ती छावणीमुळे.

इंग्रज आले आणि जोड्याचा मान-अपमान नव्या रीतीने मोजला जाऊ लागला. आपल्याकडे कोणाच्या घरात, देवळात, मोठ्या माणसापुढे जाताना पादत्राण बाहेर काढायची पद्धत. इंग्रज साहेबांनी ती आपल्या फायद्याची करून घेतली : एतद्देशीयाने आमच्यापुढे यायचं तर जोडे काढून. स्वतः मात्र बूट घालून कुठेही जाणार. मग शिकलेले लोक विलायती बूट-मोजे घालू लागले आणि वाद सुरू झाला. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला सरकारने सवलत दिली, की ज्यांच्या पायात विलायती पद्धतीचे बूट-मोजे असतील त्यांनी ते काढायला नकोत. देशी जोडा असेल तर मात्र काढायचा. १८६२ मध्ये सुरतच्या कोर्टात एका पारशी गृहस्थाने जोडे काढायला नकार दिला म्हणून त्याला बाहेर काढलं, तो वाद तेव्हा गाजला होता. म्हणजे बघा, पाय तेच, माणूस तोच. जोडा विलायती असला की आत, देशी असला की बाहेर.

तिकडे विलायतेत तेव्हा बूट कसे चमकवत? आजच्यासारखं मेणाचं पॉलिश नव्हतं. हाडं जाळून केलेली काळी पूड, काकवी, शिरका आणि तेल यांचं एक काळंकुट्ट मिश्रण असायचं. ते बुटाला घासायचं. लंडनमध्ये त्याचे कारखाने होते. त्यातल्या एका कारखान्यात १८२४ साली बारा वर्षांचा एक मुलगा कामाला लागला. डब्यांवर कागद बांधायचा आणि चिठ्ठ्या चिकटवायच्या, हे त्याचं काम. आठवड्याला सहा शिलिंग. त्याचा बाप कर्ज फेडता आलं नाही म्हणून त्याच सुमारास तुरुंगात गेला. हा मुलगा पुढे इंग्रजीतला फार मोठा कादंबरीकार झाला. त्याचं नाव चार्ल्स डिकन्स. मोठेपणीही ते कारखान्यातले दिवस त्याने बहुतेकांपासून लपवून ठेवले. मला हे वाचताना आपली दारात उभी राहिलेली ताई आठवली. ती पॉलिश लपवत होती, तोही. आणि कर्जाचं म्हणाल, तर सावकाराचं कर्ज म्हणजे काय हे आपल्या गटातल्या बायकांना मी सांगायला नको.

तर तेव्हा पॉलिश म्हणजे काळंच. आता आपल्या डबीकडे येऊ. १९०६ मध्ये ऑस्ट्रेलियात मेलबर्न शहरात विल्यम रॅमसे नावाच्या माणसाने मेणाचं पॉलिश डबीत घालून विकायला काढलं. त्याची बायको न्यूझीलंडची. तिच्या माहेरच्या देशातल्या पक्ष्याचं नाव त्याने पॉलिशला दिलं : किवी. (असे नवरे आजकाल कुठे मिळतात, असं आमच्या गटातली एक जण म्हणाली.) १९०८ मध्ये त्याने गडद तपकिरी, म्हणजे डार्क टॅन पॉलिश काढलं. हे महत्त्वाचं, कारण हे पॉलिश नुसती चमक आणत नव्हतं, उडालेला रंगही परत देत होतं. त्यात रंगद्रव्य होतं, ते चामड्यात उतरायचं. आपल्या ताईच्या बुटांचा घात याच गुणाने केला. पॉलिशमध्ये मेण असतं, मेण पातळ ठेवणारा टर्पेंटाईनसारखा द्रव असतो आणि रंग असतो. द्रव उडून जातो, मेण वर बसतं, रंग आत जातो. मेण पुसता येतं. रंग नाही.

१९१४ ला पहिलं महायुद्ध सुरू झालं आणि लाखो सैनिकांच्या पायात चामड्याचे बूट आले. चिखलात ते टिकवायचे तर पॉलिश हवंच. डबी जगभर गेली ती सैनिकांच्या पिशवीतून. आपल्याकडे नंतर चेरी ब्लॉसमची डबी जास्त ओळखीची झाली. तीही मूळची लंडनचीच. बुटांचं म्हणाल, तर १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला बाटा कंपनीने कोलकात्याजवळ कोन्नगरला कारखाना काढला आणि कारखान्यात तयार झालेला बूट साध्या माणसाच्या आवाक्यात येऊ लागला.

पण काळं कोणी घालायचं आणि तपकिरी कोणी? इथे लष्कराचा हात आहे. इंग्रजांच्या फौजेत साध्या शिपायाचा बूट काळा, आणि खाकी कपड्यावर अधिकाऱ्याचा बूट-पट्टा तपकिरी, अशी वाटणी रूढ झाली. अधिकारी खांद्यावरून तिरका येणारा जो चामड्याचा पट्टा घालतात, त्याचं नावच 'सॅम ब्राऊन'. तो ज्याच्या नावाने ओळखतात तो सॅम्युएल ब्राऊन हिंदुस्थानातल्या फौजेतला अधिकारी. १८५८ मध्ये उठावाच्या लढाईत त्याचा डावा हात गेला. एका हाताने तलवार काढायला सोपं जावं म्हणून त्याने हा पट्टा तयार केला असं सांगतात. फौजदाराच्या गणवेशात आजही तपकिरी पट्टा आणि तपकिरी बूट असतात, ते या परंपरेतले. कपाळावर पद लिहिलेलं नसलं तरी पायावरून कळायचं. बूट आणि पट्टा एका रंगाचे हवेत, हे आज मुलाखतीला जाणाऱ्या मुलांना जे सांगतात, तो रिवाजही गणवेशवाल्यांनी पक्का पाळला आहे.

अमेरिकेच्या सैन्यात उलटं होतं. तिथे सगळ्यांचे बूट तपकिरी. १९५० नंतरच्या दशकात तिथे नवा गणवेश आला आणि बूट काळे करायचे ठरलं. तेव्हा कित्येक सैनिकांना आपले तपकिरी बूट काळ्या रंगाने रंगवावे लागले. जुन्या लोकांना पुढे 'तपकिरी बुटांच्या फौजेतले' असंच म्हणत. ही गोष्ट मी सासरेबुवांना सांगितली तर ते खूश झाले. म्हणाले, "बरोबर आहे. तपकिरीचा काळा होतो. काळ्याचा तपकिरी कोणाच्या बापाला होणार नाही."

या रंगावरून माणसाची पारख करायची सवय अजून गेलेली नाही, आणि ती आपल्याकडेच आहे असंही नाही. २०१६ मध्ये ब्रिटनमधल्या एका सरकारी आयोगाने अहवाल दिला. लंडनच्या मोठमोठ्या बँकांत गरीब घरातली हुशार मुलं मुलाखतीला जातात, पण सुटावर तपकिरी बूट घातले एवढ्याशा गोष्टीनेही ती मागे पडतात, असं त्यात म्हटलं होतं. तिथल्या बँकवाल्यांत सुटाखाली काळाच बूट हवा असा रिवाज आहे. तो कुठे लिहिलेला नाही. ज्यांचे बाप-आजे तिथे काम करत आले त्यांना तो घरातूनच कळतो. बाकीच्यांना कळत नाही, आणि नापास का झालो तेही कळत नाही.

आपल्या पट्ट्यात मुलाखत ही गोष्ट तशी नवीच. १९५४ मध्ये पिंपरीला पेनिसिलिनचा सरकारी कारखाना आला, १९६२ मध्ये एमआयडीसी स्थापन झाली, मग भोसरी, आकुर्डी, चिंचवड इथे वाहनांचे, यंत्रांचे कारखाने उभे राहिले. १९७० मध्ये नगरपालिका झाली, १९८२ मध्ये महापालिका. पुढे चाकण, महाळुंगे, निघोजे, खराबवाडी इथल्या शेतांत कंपन्या आल्या. ज्यांच्या घरात दोन पिढ्यांपूर्वी फक्त शेतातली वहाण होती, त्या घरातला मुलगा आता कंपनीच्या गेटवर फाईल घेऊन उभा असतो. त्याला कोण सांगणार, कोणत्या पँटवर कोणता बूट? आई सांगणार? तिने आयुष्यात स्वतः चामड्याचा बूट घातलेला नाही. घरातले सगळे बूट पॉलिश मात्र तीच करते.

सासरेबुवांनी मात्र गावातल्या अशा कित्येक मुलांना मुलाखतीला पाठवलं. ते म्हणतात, सकाळी आठच्या आत जो मुलगा घाईघाईने येऊन पाय पुढे करतो, तो मुलाखतीला चाललेला असतो, हे विचारावं लागत नाही. त्यांच्या काळात रस्त्यावर बसूनच काम. नंतर समाजकल्याण विभागाच्या योजनेतून गटई कामगारांना पत्र्याचे स्टॉल मिळू लागले. राज्यात चर्मकार समाजासाठी संत रोहिदासांच्या नावाने महामंडळही आहे. १९५४ चा 'बूट पॉलिश' सिनेमा तुमच्यापैकी वयस्क बायकांनी पाहिला असेल. मुंबईतली दोन लहान भावंडं भीक मागायची सोडून पॉलिश करून पोट भरू बघतात, अशी ती गोष्ट. सिनेमा बघून लोक रडले. बाहेर आल्यावर पॉलिशवाल्या पोराशी कसे वागले, ते सिनेमात नाही.

आता ते रंग कसा निवडायचा म्हणतात, ते सांगते. हे त्यांचं ज्ञान आहे, मी फक्त लिहून घेतलं.

आधी बूट चामड्याचा आहे का ते बघा. आतल्या बाजूला, जिथे कापलेली कड दिसते तिथे बघा. चामडं असेल तर कड तंतूतंतूंची, कोंड्यासारखी दिसते. खाली कापडाचा थर दिसला तर ते रेक्झिन. रेक्झिनमध्ये पॉलिश मुरतच नाही. वर थर बसतो आणि धूळ धरतो. ओल्या फडक्याने पुसलं तरी पुरे. जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या मुलांना २०२३ पासून सरकार बूट-मोजे देतं, तसे स्वस्तातले काळे बूट बहुतेक याच जातीचे असतात. त्यांवर डबी संपवू नका. आणि मखमलीसारख्या लवदार चामड्याला कधीच पॉलिश लावू नका. त्याला कोरडा ब्रश पुरतो.

चामडं असेल तर रंग बघायचा तो दिवसाच्या उजेडात. रात्री दिव्याखाली बघू नका. आपल्या ताईची पहिली चूक इथेच झाली. बल्बच्या उजेडात गडद तपकिरी आणि काळा सारखेच दिसतात. मग बुटाच्या रंगाची डबी घ्यायची. तंतोतंत रंग मिळाला नाही तर किंचित फिकट घ्या. गडद घेऊ नका. फिकट पॉलिशने बूट काही फिकट होत नाही, फार तर खरचटलेलं झाकलं जात नाही. गडद पॉलिशने मात्र बूट गडद होतो, आणि तोही एकसारखा नाही. जिथे खरचटलंय, जिथे चामडं उघडं पडलंय, तिथे ते जास्त पितं. मुद्दाम गडद करायचा असेल तर गोष्ट वेगळी. मग एकदम काळं नाही, दर वेळी थोडं थोडं गडद करत जायचं.

पहिल्यांदा लावताना नाडीच्या खाली जी चामड्याची जीभ असते, तिच्या झाकलेल्या भागावर बोटभर लावून बघा. वाळू द्या. बरं दिसलं तर पुढे लावा. साडीला रंग द्यायच्या आधी पदराचं टोक बुडवून बघतो, तसंच.

लालसर, मरून, दुरंगी बूट असेल आणि रंग जुळत नसेल तर बिनरंगाचं पॉलिश मिळतं. त्यावर 'न्यूट्रल' लिहिलेलं असतं. त्याने चमक येते, रंग बिघडत नाही, पण ओरखडा झाकला जात नाही. ते फार थापू नये. सुरकुत्यांत साचून पांढरट दिसतं, काळ्या बुटावर तर फारच.

काळ्या बुटाला काळंच. त्यात चूक व्हायला जागा नाही, म्हणून ज्याला एकच जोडी परवडते त्याने काळी घ्यावी, असा त्यांचा सल्ला. काळा बूट कोणत्याही पँटवर चालतो, कोणत्याही साहेबाला खटकत नाही. मला स्वतःला तपकिरी आवडतो. पण मुलाच्या नोकरीचा प्रश्न असला तर मीही काळाच घेईन.

आजकाल बाजारातलं बरंच चामडं झाडाच्या सालीने कमावलेलं नसतं, क्रोम नावाच्या रसायनाने कमावलेलं असतं. ते मुळात निळसर असतं, रंग त्याला नंतर देतात. म्हणून काळ्या बुटावर खोल ओरखडा पडला की आत राखाडी-निळं दिसतं. तिथे नुसतं मेणाचं पॉलिश पुरत नाही. आधी क्रीमसारखं रंगाचं पॉलिश लावायचं, त्यात रंग जास्त असतो. ते वाळलं की वरून मेणाचं.

आणि ब्रश. हे त्यांनी मला तीनदा सांगितलं, म्हणून मीही जोर देऊन सांगते. काळ्याचा ब्रश वेगळा, तपकिरीचा वेगळा. फडकंही वेगळं. डबी बरोबर निवडली आणि काळ्याचाच ब्रश फिरवला, तर कष्ट फुकट. ब्रशच्या दांड्यावर रंगाचा ठिपका लावून ठेवा, म्हणजे घाईत चूक होत नाही. डबीतलं पॉलिश सुकून तडकलं तर उन्हात ठेवा, मऊ होतं. चुलीवर, गॅसवर चुकूनही नको, ते पेट घेतं.

कोल्हापुरी चपलेला यातलं काहीच लावू नका. २०१९ मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळालं. महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार जिल्हे त्यात आहेत. तिचा रंग हाच तिचा दागिना. कोरड्या फडक्याने पुसा. तेल लावायचं तर अगदी बोटाला लागेल एवढंच, आणि तेलाने ती गडद होणार हे धरून चाला.

मामाच्या बुटांचं काय झालं, ते राहिलं. ताईने ते सासरेबुवांकडे नेले. त्यांनी टर्पेंटाईनच्या फडक्याने वरचं मेण काढलं, पण आत गेलेला काळा रंग निघाला नाही. मग त्यांनी विचारलं, "ताई, काळे करू का?" तिने मामाला फोन लावला. मामा म्हणाला, करा. दोन दिवस तीन-चार हात दिले आणि बूट कुळकुळीत काळे झाले. ओळखू येत नव्हते. पैसे किती, तर म्हणाले, सूनबाईच्या गटातली आहेस, राहू दे. ताईने ऐकलं नाही, दीडशे रुपये देऊन आली.

मुलाला मुलाखतीत बुटांबद्दल कोणी काही विचारलं नाही. रात्रपाळी करशील का, एवढं विचारलं. तो कंत्राटी म्हणून लागला. पहिल्या दिवशी कंपनीने त्याला पुढे लोखंडी टोपी असलेले काळे बूट दिले. त्यांना पॉलिश लागतच नाही. मामाचे काळे झालेले बूट आता कपाटात आहेत, कायमच्या नोकरीच्या मुलाखतीसाठी.

गेल्या महिन्याच्या बैठकीला ती दारात बोललेली ताई पिशवीत दोन डब्या आणि दोन ब्रश घेऊन आली. एका ब्रशच्या दांड्यावर काळा ठिपका, दुसऱ्यावर तांबूस. कोणी विचारायच्या आधीच म्हणाली, "माझ्या सासऱ्यांचे आहेत." मग चटईवर वर्तमानपत्र पसरलं आणि सगळ्यांना आपापल्या घरचे बूट काढायला सांगितले. सात जोड निघाले. त्यांतले चार रेक्झिनचे होते.